सर्व्हेटसचा खटला, जिनिव्हा १५५३: शिक्षा चर्चची की शहराची?

१७ जून १५५३ रोजी फ्रान्समधल्या व्हिएन शहरातल्या न्यायालयाने एका डॉक्टरला मंद आचेवर जिवंत जाळण्याची शिक्षा सुनावली. आरोपी दोन महिन्यांपूर्वीच तुरुंगातून निसटला होता. म्हणून त्याचा पुतळा आणि त्याच्या पुस्तकांचे गठ्ठे पेटवून काम उरकण्यात आलं. हा मुलूख कॅथलिकांचा. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ ऑक्टोबरला, कॅथलिक चर्चशी उभा दावा मांडलेल्या जिनिव्हा या प्रोटेस्टंट शहराने त्याच माणसाला, त्याच पुस्तकासाठी, तीच शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी ती अमलात आणली. दोन्ही बाजू एकमेकींना ख्रिस्ताच्या वैरी मानत होत्या. या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं.

त्या माणसाचं नाव मिगेल सर्व्हेत. विद्वानांच्या लॅटिन रिवाजानुसार मायकेल सर्व्हेटस.

हे प्रकरण बहुतेक वेळा जिनिव्हाचा प्रमुख प्रोटेस्टंट पाद्री जॉन कॅल्व्हिन विरुद्ध सर्व्हेटस अशा दोन माणसांच्या भांडणासारखं सांगितलं जातं. कॅल्व्हिनचा दोष मोठा आहे आणि तो झाकण्याचं काही कारण नाही. पण निकाल देणाऱ्या नगरपरिषदेत त्याला मत नव्हतं. १५५३ मध्ये तो जिनिव्हाचा नागरिकसुद्धा नव्हता. नागरिकत्व त्याला १५५९ मध्ये मिळालं. ज्यांनी मत दिलं त्यांच्यात त्याचा दुस्वास करणारे, त्याला शहराबाहेर घालवू पाहणारे लोकही होते. या सगळ्या कागदपत्रांत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. पाद्रीशाहीला विरोध करणाऱ्या नगरशासकांनी एका परक्या माणसाला पाद्र्यांच्या आरोपावरून जाळलं. हे कसं घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे.

व्हिएनचा डॉक्टर

सर्व्हेटस स्पेनच्या आरागॉनमधला. ज्या देशातून १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं आणि पुढे मुसलमानांना सक्तीने बाटवलं, त्या देशात तो वाढला. १५३१ मध्ये, वयाची जेमतेम विशी ओलांडली असताना, त्याने त्रैक्याच्या सिद्धान्तातल्या चुका दाखवणारं पुस्तक छापलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एक देव, ही मांडणी बायबलमध्ये नाही, ती नंतरच्या पंडितांनी रचली, असं त्याचं म्हणणं. मुसलमान आणि ज्यू या सिद्धान्ताची टर उडवतात, याची खंतही त्याने त्यात बोलून दाखवली आहे. पुस्तकावर कॅथलिक भडकले आणि प्रोटेस्टंटही. मग तो फ्रान्समध्ये मिशेल द व्हिल्नव्ह या नावाने राहू लागला. लियों शहरात छापखान्यांसाठी ग्रंथ संपादित केले, टॉलेमीच्या भूगोलाची आवृत्ती काढली, पॅरिसमध्ये वैद्यक शिकला आणि व्हिएनच्या आर्चबिशपच्या आश्रयाने सुमारे बारा वर्षं तिथे डॉक्टरकी केली. शेजारीपाजारी त्याला भला कॅथलिक समजत.

गप्प बसणं मात्र त्याच्या स्वभावात नव्हतं. १५४६ च्या सुमारास त्याने कॅल्व्हिनशी पत्रव्यवहार सुरू केला. कॅल्व्हिनने उत्तरादाखल आपला मुख्य ग्रंथ पाठवला, तर याने समासात खोडसाळ शेरे मारून तो परत केला. १३ फेब्रुवारी १५४६ ला कॅल्व्हिनने आपला सहकारी गियोम फारेल याला लिहिलं, की हा माणूस जिनिव्हात आला आणि माझ्या शब्दाला काही वजन असेल, तर मी त्याला जिवंत परत जाऊ देणार नाही. हे पत्र उपलब्ध आहे. कॅल्व्हिनच्या बचावासाठी काहीही बोलायचं तर आधी या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

१५५३ च्या जानेवारीत सर्व्हेटसने व्हिएनमध्येच गुपचूप, बाल्ताझार आर्नुले या मुद्रकाकडून, ‘ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ छापून घेतला. हजारभर प्रती निघाल्या; आज तीन उरल्या आहेत. रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत जाऊन मग डाव्या कप्प्यात येतं, हे युरोपात पहिल्यांदा छापलं गेलं ते याच धर्मग्रंथात, आत्मा शरीरात कसा येतो याच्या चर्चेत. वैद्यकाचे विद्यार्थी सर्व्हेटसला ओळखतात ते एवढ्यापुरतं.

पुस्तकाची पानं जिनिव्हात पोचली. तिथे राहणाऱ्या गियोम द त्री या फ्रेंच निर्वासिताने लियोंमधल्या आपल्या कॅथलिक चुलतभावाला २६ फेब्रुवारीला पत्र टाकलं. सूर टोमण्याचा होता: तुम्ही आमच्या सज्जन माणसांना जाळता आणि खरा पाखंडी तुमच्याच पंखाखाली डॉक्टर म्हणून सुखाने राहतो. सोबत पुस्तकाची पहिली पानं. पुरावा कमी पडतोय असं कळल्यावर द त्रीने सर्व्हेटसच्या हस्ताक्षरातली पत्रं पाठवली. ती कॅल्व्हिनकडे होती आणि ती त्याने दिली. म्हणजे प्रोटेस्टंट जिनिव्हातून निघालेली कागदपत्रं कॅथलिक इन्क्विझिटर, म्हणजे पाखंडाचा तपास करणारा धर्मपीठाचा अधिकारी, मातिये ओरी याच्या टेबलावर पुरावा म्हणून आली.

हे चाललं होतं त्याच महिन्यांत लोझानमध्ये शिकलेले पाच प्रोटेस्टंट विद्यार्थी लियोंच्या तुरुंगात होते. त्यांना वाचवण्यासाठी स्विस शहरं धडपडत होती. कॅल्व्हिन त्यांना धीराची पत्रं लिहीत होता, आणि त्या पत्रांतली माया खरी आहे. १६ मे १५५३ ला त्या पाचही जणांना लियोंमध्ये जाळण्यात आलं. कोणत्या यंत्राच्या हाती आपण माणूस देतोय हे जिनिव्हात पक्कं ठाऊक होतं.

ते यंत्र गोव्याच्या वाचकाला परकं वाटणार नाही. दोषी कोण ते धर्मपीठाने ठरवायचं आणि आग राजसत्तेने लावायची, म्हणजे चर्चच्या हाताला रक्त लागत नाही. गोव्यात हे धर्मपीठ १५६० मध्ये बसलं. तिथेही एक डॉक्टर होता, गार्सिया द ओर्ता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. व्हिएनमध्ये पुतळा, गोव्यात हाडं. माणूस हाती लागला नाही तरी शिक्षा व्हायलाच हवी, कारण ती बघणाऱ्यांसाठी असते.

सर्व्हेटसला ४ एप्रिलला अटक झाली. तुरुंगाधिकाऱ्याशी त्याचे संबंध चांगले होते. ७ एप्रिलच्या पहाटे त्याने बागेची किल्ली मागून घेतली, अंगावरचा झगा आणि मखमली टोपी झाडाखाली ठेवली आणि भिंत ओलांडून तो गेला.

जिनिव्हा

१३ ऑगस्टच्या रविवारी तो जिनिव्हातल्या चर्चमध्ये उपासनेला बसलेला असताना ओळखला गेला. तो इथे का आला हे कोडं अजून सुटलेलं नाही. त्याच्या सांगण्यानुसार त्याला सरोवरातून नाव करून झुरिककडे आणि तिथून इटलीला जायचं होतं. रविवारी उपासनेला गैरहजर राहणारा परका माणूस लोकांच्या डोळ्यांत भरला असता, हेही खरं.

जिनिव्हाचा कायदा असा, की फौजदारी फिर्याद करणाऱ्यानेही आरोपीबरोबर तुरुंगात बसायचं. फिर्याद खोटी ठरली तर आरोपीची शिक्षा त्याला. कॅल्व्हिन स्वतः पुढे आला नाही. त्याचा सेवक-लेखनिक निकोला द ला फोंतेन फिर्यादी झाला आणि तुरुंगात बसला. दोनच दिवसांत तो सुटला, कारण खटला सरकारने आपल्याकडे घेतला. सरकारी वकील क्लोद रिगो. हा कॅल्व्हिनच्या गोटातला नव्हता.

इथे शहराची रचना समजून घ्यायला हवी. १५३६ मध्ये जिनिव्हाने आपला बिशप आणि सव्हॉयचा ड्यूक दोघांचं जोखड झुगारलं आणि प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. बिशप गेला, पण त्याचे अधिकार कुठे गेले? ते नगरपरिषदेने घेतले. पाद्र्यांचे पगार परिषद देई, नेमणुका मंजूर करी. १५३८ मध्ये तिने कॅल्व्हिनला हाकललं होतं आणि १५४१ मध्ये तिनेच परत बोलावलं. त्याने परत येताना चर्चची नियमावली मंजूर करून घेतली. तिच्यातून कन्सिस्टरी ही पाद्री आणि बारा वडीलजनांची समिती जन्माला आली. हे वडीलजन परिषदेनेच निवडलेले. कोण दारू पितो, कोण नाचतो, कोण उपासना चुकवतो, सगळं या समितीपुढे येई. एखाद्याला प्रभुभोजनातून, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतून, वगळायचं, तर तो अधिकार समितीचा की परिषदेचा, यावर वर्षानुवर्षं ओढाताण होती.

१५५३ मध्ये ही ओढाताण शिगेला पोचली होती. त्या वर्षी कॅल्व्हिनविरोधी गटाचं पारडं जड होतं आणि त्याचा नेता आमी पेरँ शहराचा पहिला सिंडिक, म्हणजे प्रमुख नगरशासक, होता. फिलिबेर बेर्तेलिए या त्यांच्यातल्याच एकाला समितीने प्रभुभोजनातून वगळलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला परिषदेने त्याला परवानगी देऊन टाकली. ३ सप्टेंबरच्या रविवारी कॅल्व्हिनने व्यासपीठावरून जाहीर केलं, की जीव गेला तरी मी या हातांनी अपात्र माणसाला प्रभुभोजन देणार नाही. सर्व्हेटस त्या वेळी तुरुंगात होता. त्याचा खटला आणि हा वाद एकाच परिषदेपुढे, एकाच महिन्यात चालू होते.

यावरून असं वाटेल, की परिषदेने कॅल्व्हिनला खिजवण्यासाठी तरी सर्व्हेटसला सोडावं. सर्व्हेटसलाही बहुधा तशी आशा होती. घडलं उलट. बेर्तेलिएच्या वादात परिषदेचा दावा काय होता? धर्माचं रक्षण करणारे आम्ही, पाद्री आमचे नोकर. हा दावा करणाऱ्याला सगळ्या ख्रिस्ती युरोपाने धिक्कारलेल्या माणसाबाबत नरमाई दाखवणं परवडत नाही. ज्याने चर्चकडून धर्मरक्षणाचं काम हिसकावून घेतलं, त्याला ते चर्चपेक्षा कसोशीने करून दाखवावं लागतं. रिगोची प्रश्नावली वाचली की हे उघड दिसतं. कॅल्व्हिनच्या बाजूच्या आरोपपत्रात धर्मशास्त्र ठासून भरलेलं होतं. टॉलेमीच्या आवृत्तीत पॅलेस्टाइन सुपीक नसल्याचं छापलं, म्हणजे मोशेला खोटं पाडलं, असाही एक आरोप त्यात होता. रिगोने ते बरंच बाजूला सारलं आणि राज्यकर्त्याचे प्रश्न विचारले. तुझ्या शिकवणीने समाजात बेबंदशाही माजणार नाही का? ज्यू आणि तुर्कांना ती सोयीची नाही का? तू कुराण का वाचलंस? लग्न का केलं नाहीस?

२२ ऑगस्टला सर्व्हेटसने परिषदेला अर्ज दिला. धर्ममतावरून फौजदारी खटला भरणं ही नवी टूम आहे, प्रेषितांना, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांना, आणि सुरुवातीच्या चर्चला ती ठाऊक नव्हती, असं त्यात म्हटलं होतं. मी या शहरात किंवा इतरत्र कुठेही दंगा केलेला नाही, आणि मी परका, इथले कायदे मला माहीत नाहीत, म्हणून मला वकील द्या, अशीही मागणी होती. रिगोने ती उडवून लावली: जो इतकं सफाईने खोटं बोलतो त्याला वकील कशाला? अर्जातला पहिला मुद्दा चौथ्या शतकापर्यंतच खरा आहे. ३८० मध्ये रोमन सम्राटाने त्रैक्याची श्रद्धा साम्राज्याचा धर्म ठरवली आणि पाचच वर्षांत प्रिसिलियन या बिशपला ट्रिअर इथे, बिशपांच्याच तक्रारीवरून, सम्राटाच्या न्यायालयाने मारलं. तूरचा बिशप मार्टिन त्या वेळी कळवळून विरोध करत होता. त्रैक्य नाकारणाऱ्याला आणि दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणाऱ्याला शिक्षा देणारे कायदे पुढे जस्टिनियनच्या संहितेत गेले, आणि १५५३ मध्ये सर्व्हेटसच्या विरोधात आधार म्हणून तेच पुढे आले.

१५ सप्टेंबरचा अर्ज वेगळ्या सुरातला आहे. उवा मला जिवंत खातायत, चोळणा फाटलाय, बदलायला सदरा नाही. परिषदेने कपडे देण्याचा हुकूम काढला. १० ऑक्टोबरला तो पुन्हा लिहितो, की थंडीने, पोटशूळाने आणि अंतर्गळाने मी हैराण आहे आणि हुकमाचं पुढे काहीच झालेलं नाही. न्याय मागणाऱ्या तुर्कालाही जे तुम्ही नाकारणार नाही ते मला नाकारू नका. मधल्या काळात, २२ सप्टेंबरला, त्याने कॅल्व्हिनलाच खोटा फिर्यादी म्हणून अटक करण्याची मागणी करून पाहिली होती. हा त्याचा हिशेब चुकला. परिषद कॅल्व्हिनवर नाराज आहे हे त्याने ओळखलं होतं. त्या नाराजीचा आपल्याला उपयोग नाही हे त्याला उमगलं नाही.

चार शहरांची मतं

व्हिएनच्या अधिकाऱ्यांनी आरोपी परत मागितला. सर्व्हेटसला विचारलं, तेव्हा त्याने रडून विनवलं की मला तिकडे पाठवू नका, इथेच न्याय करा. पण त्या मागणीने पेच घट्ट झाला. कॅथलिकांनी जाळायला काढलेला माणूस जिनिव्हाने सोडला, तर प्रोटेस्टंट शहर म्हणजे पाखंड्यांचं आश्रयस्थान, हा कॅथलिकांचा आरोप खरा ठरला असता.

हद्दपारीची वाट खुली होती, आणि ती मळलेलीही होती. १५५१ मध्ये जेरोम बोल्सेक या दुसऱ्या एका डॉक्टरने कॅल्व्हिनच्या सिद्धान्तावर भर सभेत हल्ला चढवला, तेव्हा परिषदेने त्याला हद्दपार केलं होतं. सर्व्हेटसने तर जिनिव्हाच्या हद्दीत काहीच छापलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. तो वाटसरू होता.

परिषदेने झुरिक, बर्न, बासेल आणि शाफहाउझेन इथल्या चर्चांचा आणि नगरशासकांचा सल्ला मागवला. ऑक्टोबरच्या मध्याला उत्तरं आली. चौघांनीही सर्व्हेटसला घातकी ठरवलं, रोग दूर करा म्हणून सांगितलं, आणि चौघांनीही शिक्षा कोणती ते जिनिव्हाच्या शहाणपणावर सोपवलं. ही पत्रं वाचताना राग येतो. सभ्य, विद्वान माणसं एका माणसाच्या मरणाला हातभार लावतात आणि ‘मृत्यू’ हा शब्द कागदावर येणार नाही याची काळजी घेतात. चर्च म्हणतं, आम्ही फक्त मत दिलं. परिषद म्हणते, आम्ही चर्चचं मत घेतलं.

२६ ऑक्टोबरला मतदान झालं. पेरँ आधी आजारपण सांगून गैरहजर राहिला होता. त्या दिवशी तो आला आणि प्रकरण दोनशे सदस्यांच्या मोठ्या परिषदेकडे न्यावं असं त्याने सुचवलं. कोणी ऐकलं नाही. त्रैक्य नाकारणं आणि बालबाप्तिस्मा (तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणं) नाकारणं, या दोन कारणांसाठी जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, असा प्रयत्न कॅल्व्हिनने केला. परिषदेने तोही मानला नाही.

२७ ऑक्टोबरला शांपेलच्या टेकडीवर नेताना फारेल शेवटपर्यंत त्याच्याकडून कबुली काढू पाहत होता. पुस्तक त्याच्या अंगाला बांधलेलं होतं. मरताना त्याने ‘सनातन देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर’ अशी प्रार्थना केली. ‘देवाच्या सनातन पुत्रा’ असं म्हणाला असता तर पुत्रही पित्यासारखाच सनातन, म्हणजे त्रैक्यावरच्या श्रद्धेची कबुली ठरली असती, हे फारेलने तिथल्या तिथे टिपलं. दोन महिन्यांनी, डिसेंबरात, व्हिएनच्या धर्मन्यायालयानेही आपला स्वतंत्र निकाल दिला. आरोपी तोवर हयात नव्हता.

नंतर

पेरँच्या गटाला या कठोरपणाचा फायदा झाला नाही. १५५५ मध्ये निवडणूक आणि मग एका दंग्यानंतर तो गट मोडला. पेरँ पळाला, काही साथीदारांना देहदंड झाला, आणि प्रभुभोजनातून वगळण्याचा अधिकार कन्सिस्टरीकडे राहिला.

कॅल्व्हिनने १५५४ च्या सुरुवातीला शिक्षेचं समर्थन करणारा ग्रंथ काढला. त्याच वसंतात बासेलमधून पाखंड्यांना छळावं का, या प्रश्नावरचं संकलन निघालं. त्यामागे टोपणनावाने सेबास्तियन कास्टेलियो होता. हा एके काळी जिनिव्हातल्या शाळेचा प्रमुख. कॅल्व्हिनशी बिनसल्यावर बासेलला गेला आणि वर्षानुवर्षं गरिबीत राहिला. त्याचं एक निरीक्षण असं: एका शहरात जो खरा भक्त, तो शेजारच्या शहरात पाखंडी, जगायचं असेल तर प्रवासी जागोजाग नाणी बदलतो तशी जागोजाग श्रद्धा बदलावी लागेल. कॅल्व्हिनच्या ग्रंथाला त्याने वेगळं उत्तरही लिहिलं. त्यातलं वाक्य आहे: ‘माणूस मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण नव्हे, माणूस मारणं म्हणजे माणूस मारणंच.’ सिद्धान्ताचं रक्षण करणं हे दंडाधिकाऱ्याचं काम नाही, ते शिक्षकाचं काम. शिक्षक आणि तलवार यांचा संबंध काय, असं तो तिथे विचारतो. हे उत्तर त्याच्या हयातीत छापता आलं नाही. ते १६१२ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालं. तो १५६३ मध्ये मरण पावला.

१९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी शांपेलला प्रायश्चित्ताची शिळा उभारली. आम्ही कॅल्व्हिनचे कृतज्ञ पुत्र त्याच्या शतकाच्या चुकीचा धिक्कार करतो, असं तिच्यावर कोरलं आहे. चूक मान्य करण्याची प्रामाणिक इच्छा तिच्यात आहे आणि तिचा मला आदर आहे. पण चूक शतकाच्या माथी मारणं मला पटत नाही. कास्टेलियो त्याच शतकातला, आणि २२ ऑगस्टचा अर्जही त्याच शतकातला. तो ज्या परिषदेच्या हातात पडला होता तिचा त्या शिळेवर उल्लेखही नाही. त्या परिषदेचा वारसा सांगणाऱ्या जिनिव्हा राज्याच्या मतदारांनी १९०७ मध्ये, थोड्याच मताधिक्याने, चर्च आणि राज्य वेगळे करणारा कायदा मंजूर केला आणि धर्मकार्यासाठी सरकारी तिजोरीतून होणारा खर्च बंद केला.